प्रश्न तुमचे: फॉल्ट जन्मतो कसा, वाढतो कसा, आणि कम्प्युटरला त्यातलं काय कळतं

मागच्या अंकात मोठमोठ्या फॉल्टची कम्प्युटर मॉडेलं कशी बनवतात यावर अर्ध्या पानाची एक नोंद दिली होती. त्यात एवढंच म्हटलं होतं की जमिनीतले मोठे फॉल्ट कायम जसेच्या तसे राहत नाहीत, लाखो वर्षांत ते वाढतात, एकमेकांना जोडले जातात, काही बंदही पडतात, आणि हे सगळं शास्त्रज्ञ आता कम्प्युटरवर घडवून बघतात. तेवढ्यावरून इतकी पत्रं आणि मेसेज आले की यावेळचं अख्खं सदर त्यालाच द्यायचं ठरवलं. एकसारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं छापलेली नाहीत.

प्रश्न : सर, मी सिव्हिल इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. फॉल्ट म्हणजे भेग, ती एकदा पडली की पडली ना? मग ती बदलते कशी? आणि कोटी वर्षांची गोष्ट कम्प्युटरमध्ये बसवतात तरी कशी?
(एक विद्यार्थी, जुळे सोलापूर)

उत्तर : एकदा पडली की पडली असं नाहीये, तिथूनच सुरुवात करू. ज्वारी निघाल्यावर मार्च-एप्रिलमध्ये मंगळवेढ्याकडच्या काळ्या रानात जाऊन बघ. आधी सगळीकडे बारीक बारीक भेगा असतात, एकीचा एकीशी संबंध नसतो, मग ऊन वाढेल तशा काही लांबत जातात, दोघींची टोकं जवळ आली की वळून एकमेकींना मिळतात, आणि ज्या मोठ्या झाल्या त्यांच्यात अख्खा हात जातो पण शेजारच्या बारीक भेगा आहे तिथेच थांबतात, कारण तिथला ताण मोठीनं काढून घेतलेला असतो. आता रानातली भेग माती आकसल्यामुळे पडते आणि फॉल्टवर दोन बाजूंचे खडक एकमेकांना घासून सरकतात, म्हणजे कारण वेगळं आहे हे लक्षात ठेव, पण वाढायची रीत बरीचशी हीच. आधी पुष्कळ छोटे, मग जोडाजोडी, मग थोडेच मोठे, बाकीचे गप्प.

कॅलिफोर्नियातला सॅन अँड्रियास घे. लांबी साधारण १२०० किलोमीटर, वय ३ कोटी वर्षांच्या आसपास. पण आज नकाशावर जी रेघ दिसते ती ३ कोटी वर्षं तिथेच होती असं अजिबात नाही. लॉस एंजेलिसच्या उत्तरेला सॅन गॅब्रिएल नावाचा फॉल्ट आहे, एके काळी त्या भागातली बरीचशी सरकण त्याच्यावरून व्हायची, मग साधारण ६० लाख वर्षांपूर्वी कॅलिफोर्नियाचं आखात उघडायला लागलं, प्लेटची, म्हणजे पृथ्वीच्या कवचाच्या मोठ्या तुकड्याची, हद्द आत जमिनीकडे सरकली, सॅन गॅब्रिएल मागे पडला आणि त्याचं काम आजच्या सॅन अँड्रियासकडे आलं. या सगळ्या उलाढालीत तिथे एक मोठं वळण राहिलं. सरळ फॉल्टवर खडक सहज सरकतात, वळणावर मात्र दोन्ही बाजू एकमेकींवर दाबल्या जातात, डोंगर वर उचलले जातात, सगळी ताकद त्यातच जाते. मग जमीन दुसरी वाट शोधते. शेजारचा सॅन हसिंटो हा फॉल्ट तसा तरुण आहे, १०-२० लाख वर्षांचा, आणि पूर्वेला मोहावे वाळवंटाच्या बाजूला अजून एक अख्खा पट्टा कामाला लागलेला आहे. १९९२ चा लँडर्सचा भूकंप (७.३), १९९९ चा हेक्टर माइनचा (७.१) आणि २०१९ चा रिजक्रेस्टचा (७.१), हे तिन्ही त्या पूर्वेकडच्या पट्ट्यातले, सॅन अँड्रियासवरचे नाहीत. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते, कारण आपण फॉल्ट म्हटलं की एक रेघ डोळ्यासमोर आणतो आणि खरं तर तो एक पूर्ण परिवार असतो, त्यात कोण किती काम करणार हे सतत बदलत असतं.

आपल्या हिमालयातही हेच आहे. थ्रस्ट म्हणजे ज्याच्यावर एक बाजू दुसरीवर चढते तो फॉल्ट. उत्तरेचा मेन सेंट्रल थ्रस्ट साधारण २ कोटी वर्षांपूर्वी जोरात होता, मग काम दक्षिणेला मेन बाउंडरी थ्रस्टकडे आलं, आणि आता सगळ्यात दक्षिणेचा, पायथ्याचा मेन फ्रंटल थ्रस्ट सगळ्यात तरुण आणि कामात आहे. डोंगर वाढत गेला तसा फॉल्ट मैदानाकडे सरकत आला.

आता कम्प्युटरचं. जमिनीचा एक मोठा ठोकळा घ्यायचा, समज १००० किलोमीटर लांब, तेवढाच रुंद आणि १०० किलोमीटर खोल, आणि त्याचे छोटे छोटे सेल, म्हणजे कप्पे, पाडायचे. एका सेलची बाजू १ किलोमीटर धरली तरी हे १० कोटी सेल झाले. प्रत्येक सेलला तापमान, दाब, खडकाचा प्रकार द्यायचा. खाली जाल तसं दर किलोमीटरला साधारण २५-३० अंशांनी तापमान वाढतं, त्यामुळे वरचे १०-१५ किलोमीटर खडक कडक असतात, तडकतात, आणि त्याच्या खाली ३००-३५० अंशांच्या पुढे क्वार्ट्झ असलेले खडक तुटण्याऐवजी हळूहळू वाहायला लागतात. मग ठोकळ्याच्या कडांना धक्का द्यायचा, वर्षाला काही सेंटिमीटर, प्लेटा जेवढ्या वेगानं सरकतात तेवढाच. आणि एक महत्त्वाचा नियम घालायचा की जो सेल एकदा तुटला, घासला गेला, तो पुढच्या वेळी आधीपेक्षा नरम असेल. नरम झाला की तिथेच जास्त सरकणार, जास्त सरकला की अजून नरम होणार. इथेच फॉल्ट जन्मतो बघ, कुणी रेघ ओढून दिलेली नसते, ठोकळ्यात सगळीकडे थोडं थोडं वाकणं चाललेलं असतं आणि बघता बघता ते सगळं एका अरुंद पट्ट्यात गोळा होतं.

वेळेचं असं की एक स्टेप ५००० वर्षांची धरली तर १ कोटी वर्षांना २००० स्टेप लागतात, हे सुपरकम्प्युटरला जमतं. पण ५००० वर्षांच्या स्टेपमध्ये भूकंप दिसतच नाही, तो काही सेकंदांत उरकतो. म्हणून भूकंपाची मॉडेलं वेगळी असतात, त्यात शांत काळात मोठ्या स्टेप आणि खडक सुटायला लागला की सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत बारीक स्टेप. कोटी वर्षं आणि सेकंद, दोन्ही एकाच मॉडेलमध्ये नीट बसवणं हे या विषयातलं आजचं सगळ्यात अवघड काम आहे, आणि तुझ्यासारख्या इंजिनीअरिंगच्या पोरांची तिथे खरंच गरज आहे कारण अर्धं काम भूशास्त्राचं आणि अर्धं गणिताचं आहे.

प्रश्न : कम्प्युटरनं काढलेलं चित्र खरं कशावरून मानायचं? कोटी वर्षांपूर्वी बघायला कोण होतं?
(निवृत्त शिक्षिका, अक्कलकोट)

उत्तर : बाई, बरोबर जागी बोट ठेवलंत, हा प्रश्न सगळ्यात आधी विचारला पाहिजे. बघायला कुणी नव्हतं, पण जमिनीनं नोंद ठेवलेली असते. कॅलिफोर्नियात कॅरिझो प्लेन नावाचा कोरडा सखल भाग आहे, तिथे वॉलेस क्रीक नावाचा एक ओढा सॅन अँड्रियासला आडवा जातो. ओढा डोंगरातून सरळ येतो, फॉल्टपाशी आला की एकदम काटकोनात वळतो, फॉल्टच्या कडेकडेनं साधारण १३० मीटर चालतो आणि मग परत वळून खाली जातो. ओढ्यानं वाट बदललेली नाही हो, ओढा सरळच होता, फॉल्टनं त्याचा खालचा तुकडा उचलून तिकडे नेलाय. ओढ्याच्या गाळातल्या कोळशाचं वय काढलं तेव्हा कळलं की एवढं सरकायला साधारण ३७०० वर्षं लागली, म्हणजे वर्षाला ३४ मिलिमीटरच्या आसपास. हे काम केरी सीह आणि रिचर्ड जान्स यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलं. आता कुणाच्याही मॉडेलमध्ये त्या जागी फॉल्ट वर्षाला १० मिलिमीटरनं सरकत असेल तर ते मॉडेल कितीही सुंदर दिसू दे, चुकलं. असे आकडे शेकडो ठिकाणचे आहेत, शिवाय आजची जीपीएसची मोजमापं आहेत, उपग्रहाच्या रडारची चित्रं आहेत, डोंगर किती वेगानं वर आला हे खडकातल्या खनिजांवरून काढता येतं. मॉडेलला या सगळ्यांशी जुळावं लागतं.

दुसरी एक तपासणी मला मनापासून आवडते. काही प्रयोगशाळांमध्ये, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात अ‍ॅमहर्स्टला वगैरे, मोठ्या पेटीत ओली चिनी माती थापतात, पेटीचे दोन भाग मोटरनं अगदी हळू एकमेकांना घासून उलट दिशांना सरकवतात आणि वरून कॅमेरे लावतात. मातीची ताकद मोजून अशी ठेवतात की पेटीतला सेंटिमीटर जमिनीतल्या किलोमीटरच्या आसपास धरता यावा. मुद्दाम वळण असलेला फॉल्ट कापून ठेवला तर थोड्या वेळानं वळणाच्या बाहेरून नवा, जास्त सरळ फॉल्ट फुटतो आणि जुना तुकडा बंद पडतो. वर सॅन अँड्रियासचं जे सांगितलं तेच डोळ्यांसमोर तासाभरात घडतं. आणि याचा हिशेब मांडला तर असं दिसतं की घासण्यात, खडक वाकवण्यात, डोंगर उचलण्यात मिळून एकूण जेवढं काम करावं लागतं ते नव्या फॉल्टमुळे कमी होतं. यावरूनच मॉडेलची एक पद्धत निघाली, फॉल्टच्या टोकाला वेगवेगळ्या दिशांनी थोडं थोडं वाढवून बघायचं आणि ज्या दिशेनं एकूण काम सगळ्यात कमी होईल ती दिशा धरायची, मग पुढची पायरी. मातीनं निवडलेली वाट आणि गणितानं निवडलेली वाट जुळली की विश्वास वाढतो.

आता मॉडेलची दुखरी बाजूही सांगतो. मी वर म्हटलं की सरकणं एका पट्ट्यात गोळा होतं, पण तो पट्टा किती रुंद निघेल हे साध्या मॉडेलांमध्ये सेल किती मोठे घेतले त्यावर अवलंबून असतं. १ किलोमीटरचे सेल घेतले तर फॉल्ट एक-दोन किलोमीटर रुंद निघणार, १०० मीटरचे घेतले तर त्याहून बारीक. खऱ्या फॉल्टमध्ये जिथे प्रत्यक्ष सरकतं ती पट्टी पुष्कळदा काही सेंटिमीटरच असते. आणि सेल दहापट बारीक करायचे तर तिन्ही बाजूंनी मिळून संख्या हजारपट होते, १० कोटींचे १०० अब्ज. म्हणून कुणी रंगीत चित्र दाखवलं तर आधी विचारावं की सेल अर्धे केले तर हेच चित्र येतं का, फॉल्ट जिथे सुरू व्हावा म्हणून तुम्ही आधीच एक नरम ठिपका ठेवला होता का, आणि कडांना धक्का कसा दिला. या तीन प्रश्नांची उत्तरं जो सरळ देतो त्याचं मॉडेल वाचावं.

प्रश्न : तुर्कस्तानात एकामागून एक भूकंप झाले. एक भूकंप दुसऱ्याला बोलावतो हे मॉडेलमध्ये दिसतं का?
(बार्शी)

उत्तर : दिसतं, आणि या विषयातलं ते सगळ्यात गाजलेलं उदाहरण आहे. उत्तर अ‍ॅनातोलियन फॉल्टवर १९३९ साली पूर्वेला एर्झिंजानला ७.८ चा भूकंप झाला, मग १९४२, १९४३, १९४४, १९५७, १९६७ असे मोठे भूकंप पश्चिमेकडे सरकत गेले. फॉल्टचा एक तुकडा सुटला की त्याच्यावरचा ताण उतरतो पण टोकांच्या पुढे ताण वाढतो. १९९७ साली रॉस स्टाइन, आयकुत बार्का आणि जेम्स डीटरिक यांनी हा हिशेब करून दाखवलं की बहुतेक भूकंप आधीच्या भूकंपानं ताण वाढवलेल्या जागीच झाले, आणि ताण वाढलेल्या उरलेल्या जागांमध्ये त्यांनी इझमितचं नाव घेतलं. १७ ऑगस्ट १९९९ ला तिथेच ७.६ चा भूकंप झाला, १७ हजारांवर माणसं गेली. जागा सांगता आली, दिवस नाही. आता इस्तंबूलच्या समोर मार्मारा समुद्राखालचा भाग १७६६ पासून पूर्ण सुटलेला नाही म्हणून सगळ्यांचं लक्ष तिकडे लागलंय.

२०२३ चा भूकंप दुसऱ्या फॉल्टवरचा, पूर्व अ‍ॅनातोलियन. ६ फेब्रुवारीला पहाटे ७.८ आणि नऊ तासांनी शेजारच्या फॉल्टवर ७.५. त्यात शिकण्यासारखं हे की पहिला भूकंप मुख्य फॉल्टवर सुरूच झाला नव्हता, तो एका बाजूच्या छोट्या फाट्यावर सुरू झाला, तिथून मुख्य फॉल्टवर आला आणि मग दोन्ही दिशांना फाटत गेला. ज्या मॉडेलमध्ये फक्त मुख्य रेघा असतात त्याला हा भूकंप सुचणारच नाही. म्हणून आता फाटे, वळणं, तुटक जागा हे सगळं मॉडेलमध्ये घालायची धडपड चालू आहे. कॅलिफोर्नियासाठी आरएसक्यूसिम नावाचा प्रोग्रॅम आहे, तो राज्यातले सगळे माहीत असलेले फॉल्ट घेऊन लाखो वर्षांचे भूकंप कम्प्युटरवर घडवतो. २०१८ साली असं दिसलं की त्यातून निघणारा धोक्याचा नकाशा तिथल्या तज्ज्ञांनी पूर्ण वेगळ्या रीतीनं, आकडेवारीवरून केलेल्या नकाशाच्या खूप जवळ येतो. दोन वेगळ्या वाटांनी एकाच गावाला पोचलं की वाट बरोबर असायची शक्यता वाढते.

प्रश्न : माझं माहेर उमरग्याजवळ. किल्लारीच्या भूकंपात आमच्या नात्यातली माणसं गेली. अशी मॉडेलं तेव्हा असती तर आधी कळलं असतं का? आजही मनात येतं म्हणून विचारते.
(होटगी रोड, सोलापूर)

उत्तर : ताई, तुम्हाला सरळच सांगतो, नाही, दिवस-वेळ कळली नसती. आजही कळत नाही. कॅलिफोर्नियात सॅन अँड्रियासवरच्या पार्कफील्ड गावाजवळ १८५७, १८८१, १९०१, १९२२, १९३४ आणि १९६६ असे ठरावीक अंतरानं भूकंप झाले होते म्हणून शास्त्रज्ञांनी सांगितलं की पुढचा १९९३ च्या आत येणार, जागोजागी यंत्रं लावून वाट बघितली, आणि तो आला २८ सप्टेंबर २००४ ला. जगात सगळ्यात जास्त अभ्यास झालेल्या फॉल्टची ही गत.

किल्लारीचं तर त्याहून अवघड होतं. सॅन अँड्रियासवर वर्षाला ३४ मिलिमीटर सरकतं, ओढा वाकलेला उघड्या डोळ्यांना दिसतो. आपल्या दख्खनच्या पोटात सरकण इतकी हळू आहे की जीपीएसलासुद्धा ती नीट पकडता येत नाही, दोन मोठ्या भूकंपांमध्ये हजारो वर्षं जाऊ शकतात आणि तेवढ्या काळात जमिनीवरची खूण पुसली जाते. वरून काळ्या बसाल्टचं झाकण. किल्लारीला नंतर बोअर घेतलं तेव्हा बसाल्ट ३३८ मीटर जाड निघाला, त्याच्याखाली अतिजुना खडक, आणि फॉल्ट त्या जुन्या खडकातला. १९९३ च्या आधीच्या सरकारी नकाशात तो भाग सगळ्यात कमी धोक्याच्या पहिल्या झोनमध्ये होता. १९९२ मध्ये तिथे छोटे धक्के जाणवले होते हे खरं, पण असे धक्के पुष्कळ ठिकाणी येतात आणि पुढे काहीच होत नाही, मोठ्याच्या आधीचे कुठले आणि नुसतेच कुठले हे ओळखायची रीत तेव्हा नव्हती आणि आत्ताही नाही.

भूकंप ६.२ चा होता. मोठा, पण जगात दरवर्षी या ताकदीचे कितीतरी होतात आणि बातमीही होत नाही. आपल्याकडे हजारो माणसं गेली कारण तो जमिनीखाली थोड्याच किलोमीटरवर होता, ३० सप्टेंबरच्या पहाटे चारच्या सुमारास झाला, आदल्या रात्री गणपती विसर्जन करून सगळे दमून झोपलेले, आणि घरं माळवदाची. दोन-दोन अडीच-अडीच फूट जाड दगडी भिंती, दगड मातीत बसवलेले, आतला आणि बाहेरचा थर एकमेकांत न गुंतवलेले, आणि वर उन्हाळ्यात गारवा राहावा म्हणून टाकलेल्या मातीचा टनावारी भार. भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड ठरावीक अंतरावर घातले आणि दारं-खिडक्यांच्या वरून घरभर फिरणारा काँक्रीटचा लिंटेल बँड टाकला तरी असं घर एकदम बसत नाही, माणसाला बाहेर पडायला वेळ मिळतो.

मॉडेलनं किल्लारीबद्दल काही शिकवलं का, तर शिकवलं. भारताची प्लेट वर्षाला साधारण ५ सेंटिमीटरनं ईशान्येकडे चाललीये, पुढे हिमालयात अडते, आणि तो दाब मागे अख्ख्या द्वीपकल्पात पोचतो. किल्लारीचा फॉल्ट दाबानंच सुटला, एक बाजू दुसरीवर चढली, जमिनीवर किलोमीटरभर लांब उंचवटा उमटला. जुन्या खडकात कुठे कमकुवत पट्टा असेल तिथे हा दाब गोळा होतो हे मॉडेल दाखवतं, पण पट्टा नेमका कुठे हे त्याला आधी सांगावं लागतं. ते शोधायचं काम बोअर घेऊन, मोजमापं घेऊनच करावं लागणार, आणि आपल्या भागात ते आणखी व्हायला हवं असं मला तळमळीनं वाटतं.

प्रश्न : कुर्डुवाडीच्या खाली मोठा फॉल्ट आहे असं ऐकलं. खरं का? घर विकावं का?
(रेल्वेतून निवृत्त, कुर्डुवाडी)

उत्तर : घर विकायचं काही कारण नाही, ते आधी. कुर्डुवाडीचं नाव भूशास्त्राच्या पुस्तकांत आहे हे मात्र खरं. १९७३ साली हैदराबादच्या एनजीआरआय या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी गुरुत्वाकर्षणाच्या मोजणीवरून सुचवलं की बसाल्टच्या खाली कोयनेजवळ आणि कुर्डुवाडीजवळ जुन्या खचदऱ्या गाडल्या गेल्या असाव्यात. त्या जागी गुरुत्वाकर्षण आजूबाजूपेक्षा किंचित कमी भरतं, म्हणजे खाली हलका गाळ असू शकतो. पुढे उपग्रहाच्या चित्रांत वायव्य-आग्नेय जाणारा भेगांचा पट्टा दिसला त्याला कुर्डुवाडी लिनियामेंट म्हणतात. पण रेघ दिसली म्हणजे तो आज सरकणारा फॉल्ट झाला असं होत नाही, ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या वेळच्या किंवा नंतरच्या नुसत्या भेगाही असू शकतात. वर गॅब्रिएलचं सांगितलं ना, फॉल्ट बंदही पडतात. सरकतोय की नाही हे खड्डा खणून, वरच्या तरुण थरांत तुटलेलं दिसतं का ते बघून ठरवतात. तुम्ही घर बांधणार असाल तर चांगल्या इंजिनीअरकडून भूकंपाच्या कोडप्रमाणे डिझाइन करून घ्या, एवढं पुरे.

प्रश्न : उजनीच्या पाण्यानं कोयनेसारखं होईल का?
(शेतकरी, माढा तालुका)

उत्तर : उजनीत १९८० च्या सुमारापासून पाणी साठतंय आणि कोयनेसारखी धक्क्यांची मालिका तिथे दिसलेली नाही. कोयनेला धरण १०३ मीटर उंच, पाणी खोल, आणि खाली आधीच ताणलेला फॉल्ट. ११ डिसेंबर १९६७ ला तिथे ६.३ चा भूकंप झाला. पाणी भूकंपाची ताकद तयार करत नाही, ती खडकात आधीच साठलेली असते, पाणी भेगांतून हळूहळू खाली मुरतं, आतला दाब वाढतो आणि फॉल्टची पकड ढिली होते. हे मुरणं किती वर्षांत किती खोल जातं याची मॉडेलं आहेत, आणि ती तपासायला कोयनेजवळ ३ किलोमीटर खोल बोअर घेतलंय, कराडला त्याची प्रयोगशाळा आहे. भूकंपाच्या जागेपर्यंत खाली जाऊन मोजणारे असे प्रकल्प जगात मोजकेच आहेत आणि त्यातला एक आपल्या साताऱ्यात आहे याचा मला फार अभिमान वाटतो.

प्रश्न : मी बारावी सायन्सला आहे. मला हेच शिकायचंय. सुपरकम्प्युटर कुठून आणू?
(पंढरपूर)

उत्तर : आणायची गरज नाही. फिजिक्स आणि मॅथ्स पक्कं कर, पायथन शिक. पुढे जिओफिजिक्स किंवा अर्थ सायन्सेसला जा, आयआयटी मुंबई, आयआयटी खरगपूर, आयसर पुणे इथे चांगलं काम चालतं, आयसर पुण्यात परम ब्रह्मा हा सुपरकम्प्युटरही आहे. अ‍ॅस्पेक्ट आणि पायलिथ ही या विषयातली खरी सॉफ्टवेअरं फुकट मिळतात, त्यांचा कोड उघडा आहे, कॉलेजात गेल्यावर चालवून बघ.

पण आजच सुरुवात करायची असेल तर बरिज आणि नॉपॉफ या दोघांनी १९६७ साली मांडलेलं मॉडेल घे. एका रांगेत ठोकळे, प्रत्येक ठोकळा शेजारच्याला स्प्रिंगनं जोडलेला, प्रत्येकाला वरून अजून एका स्प्रिंगनं एका पट्टीला बांधलेलं आणि पट्टी अगदी हळू पुढे सरकत राहते. ठोकळ्याखाली घर्षण. स्प्रिंगचा ओढा घर्षणापेक्षा जास्त झाला की ठोकळा घसरतो, घसरला की त्याचा भार शेजारच्यावर जातो, कधी एकटाच घसरतो, कधी पाच, कधी अख्खी रांग. घसरताना घर्षण कमी होतं हा नियम घालायला विसरू नकोस, तो नाही घातला तर सगळे ठोकळे नुसते संथ सरकत राहतील आणि भूकंप होणारच नाही. साध्या लॅपटॉपवर १०० ठोकळे आरामात चालतात. आधी सगळ्यांना सारखं घर्षण देऊन चालव, मग मधल्या दहा ठोकळ्यांचं दुप्पट कर आणि बघ की मोठे भूकंप त्या जागी थांबतात का, आणि थांबले तर किती वेळा. दोन्हीचे ग्राफ काढ, कोडसकट आमच्याकडे पाठव, जागा झाली तर पुढच्या अंकात छापतो.